बंदूक माझ्याकडे होती

हौगांग, १२ मार्च २०१७

प्रिय अनघामावशी,

पाकीट बघून दचकू नकोस. तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझा फोन आई उघडून बघते हे तूच सांगितलंस, आणि माझं नाव दिसलं की ती जेवत नाही हेही. आत दोन कागद आहेत. पिवळा आईसाठी. तो तिला वाचून दाखव, नाहीतर नुसता तिच्या उशाशी ठेव. हा पांढरा फक्त तुझा. वाचून झाला की तुझ्या त्या जुन्या कवळ्यांच्या कचऱ्यात टाकून दे.

पिवळ्या कागदात बाबांची खुशाली आहे आणि मी अकाउंट्सचा कोर्स करतेय असं लिहिलंय. करत नाहीये. एका दुकानात कुत्र्यांना आंघोळ घालते. इथे सिंगापूरच्या सरकारी बिल्डिंगांमध्ये छोट्याच जातीचे कुत्रे ठेवायला परवानगी असते, त्यामुळे दिवसभर बशीएवढाल्या तोंडांचे कुत्रे येतात, त्यांच्या शेंड्या बांधायच्या, नखं कापायची. मालकीण मिस टॅन म्हणते, "यू सो गुड विथ डॉग, व्हाय नो बॉयफ्रेंड?" या दोन गोष्टींचा संबंध काय ते मला कळलं नाही, पण ती रोज विचारते.

काय सांगत होते... हां, खोली. हौगांगला खोली घेतली ती आईला सेंगकांगचं घर मोकळं मिळावं म्हणून. "ही या घरात असेपर्यंत मी इथे राहणार नाही" म्हणून ती दिवाळीच्या तोंडावर पुण्याला तुझ्याकडे निघून आली ना, म्हणून मग मीही निघाले. पण ती काही परत आली नाही. आता त्या घरात बाबा एकटे, आणि मी दोन स्टेशनं अलीकडे एका चिनी आजींच्या मागच्या खोलीत. आजी टीव्ही इतका मोठ्याने लावतात की मला त्यांच्या मालिकेतली सासू कळायला लागली आहे, भाषा न कळता.

तू परवा फोनवर विचारलंस, ते बेट नक्की आहे कुठे. आई सगळ्यांना "नॉर्वेत अपघात झाला" एवढंच सांगते. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण पार वर, उत्तर ध्रुवाच्या शेजारी. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, म्हणून तर माझ्यासारखी डिप्लोमा अर्धवट सोडलेली, बँकॉकच्या हॉस्टेलात चादरी बदललेली मुलगी तिथवर पोचली. बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांकडे बघायचं काम होतं. दीड वर्ष टिकले. मी एवढी कुठेच टिकले नव्हते, बालवाडीतसुद्धा नाही.

तिथे गावाच्या हद्दीबाहेर पडलं की बंदूक बरोबर हवीच. शिकारीसाठी नाही, शिकार कधीचीच बंद आहे. पांढऱ्या अस्वलांपासून बचाव म्हणून. आधी आरडाओरडा करायचा, मग उजेडाची आणि आवाजाची गोळी उडवायची, अगदीच जिवावर बेतलं तर खरी. अस्वल मेलं की माणूस मेल्यासारखी चौकशी होते.

आणि तू मग हळूच विचारलंस, "जाई, बंदूक तुझ्या हातात होती तर तू एवढा वेळ का लावलास गं?" मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज जात नव्हती.

पुढच्या पत्रात.

तुझी,
जाई


हौगांग, ७ मे २०१७

प्रिय मावशी,

दोन महिने लावले ना. मध्ये तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा दुसरंच लिहीत गेले. एकदा तर आजींच्या मालिकेचीच गोष्ट लिहिली तुला. ती फाडली.

बंदूक माझ्याकडे नव्हती. दादाकडे होती.

आता लिहूनच टाकलं, तर सगळं सांगते.

तुला आठवतं, दादा सोळा वर्षांचा असताना आमच्याकडे काय महाभारत झालं होतं? इथे कायमचं राहायचं कार्ड घेतलं की मुलाला अठरा झाल्यावर दोन वर्षं सैन्यात पाठवावं लागतं. आई म्हणत होती, "आपण पुण्याला परत जाऊ. माझ्या पोराच्या हातात बंदूक नको." बाबा म्हणाले, "सुलेखा, इथे सगळ्यांचीच मुलं जातात. आपल्याला या देशाचं सगळं हवं आणि एवढं नको, असं कसं?" तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर म्हणाली होती, "ठीक आहे. पण त्या बंदुकीपायी आर्यनला काही झालं, तर मी तुमच्याबरोबर एक दिवस राहणार नाही, शिरीष." तू तेव्हा इथे आली होतीस. तू म्हणालीस, ताई, आमटी गार होतेय. सगळे हसलो.

दादाला काही झालं नाही. उलट नेमबाजीत बिल्ला मिळाला. शनिवार-रविवार घरी यायचा तेव्हा झाडूला खांद्यावर घेऊन मला दाखवायचा, कसं धरायचं, कसा श्वास सोडायचा. आई तो झाडू त्याच्या हातातून काढून घ्यायची.

मग तो रॅफल्स प्लेसच्या बँकेत लागला, शर्टाच्या बाह्या मोजून दुमडणारा माणूस झाला. आणि गेल्या ऑगस्टमध्ये मला घरी न्यायला बेटावर आला. बरोबर आईने दिलेले ठेपले, लाडू आणि कानटोपी. आला तेव्हा म्हणाला, "कान धरून आणायची ऑर्डर आहे. कान सापडत नाहीयेत, टोपी काढ." (त्याला आईने पाठवलं होतं, हे मी पिवळ्या कागदावर कधी लिहिणार नाही. तूही बोलू नकोस.)

चार दिवस तो माझ्याबरोबर राहिला. घरी कधी कुत्रा पाळू दिला नाही, त्यामुळे आधी घाबरला. मग एका काळ्या कुत्रीने त्याचा ठेपला हातातून पळवला आणि तिथून दोघांचं जमलं. तिचं नाव त्याला म्हणता येईना. त्याने काळी म्हणायला सुरुवात केली आणि ती ओ द्यायला लागली.

पाचव्या दिवशी आम्ही सकाळी किनाऱ्याच्या बाजूला कुत्र्यांना फिरवायला नेलं. उन्हाळ्यात बर्फ नसतो, चाकांची गाडी असते. मी सहा कुत्र्यांचे पट्टे धरलेले, पाठीवर बंदूक. दादा म्हणाला, "दे इकडे. मी दोन वर्षं हिला उशाशी घेऊन झोपलोय. तू कुत्रे सांभाळ." मी दिली. त्यात नियमाबाहेर काही नव्हतं, त्याने आदल्या दिवशी त्यांच्या मैदानावर नेम दाखवून परवानगी घेतली होती, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला नेम. हे मला नंतर चौकशीला आलेल्या ऑफिसरनेही सांगितलं.

आता तुला आमच्या मालकिणीचं, रागनहिल्डचं सांगायला हवं. विषय सोडत नाहीये, ऐक. तिचे आजोबा जुन्या काळी कुत्रे घेऊन अस्वलांची शिकार करायचे. कुत्रे अस्वलाला वेढा घालायचे, एक पुढून भुंकायचा, दुसरा मागून चावा घ्यायचा, अस्वल जागच्या जागी गरगर फिरत राहायचं, आणि आजोबा सावकाश नेम धरायचे. मध्ये एखादा कुत्रा गोळीत सापडला तर सापडला. आता शिकार बंद, पण कुत्र्यांना कोण सांगणार? रागनहिल्ड म्हणायची, यांच्या रक्तातून ते गेलेलं नाही. अस्वल आलं की हे पळत नाहीत, वेढा घालतात.

अस्वल दगडांच्या उंचवट्यामागून आलं. वाळलेलं होतं, कातडी लोंबत होती. दादाने सगळं बरोबर केलं, मावशी. ओरडला. उजेडाची गोळी उडवली. अस्वल थबकलं आणि पुन्हा यायला लागलं, आमच्या दोघांच्या रोखाने. तो एका गुडघ्यावर बसला, अगदी झाडू घेऊन बसायचा तसा. आणि काळी माझ्या हातातून पट्टा हिसकून सुटली. सरळ अस्वलासमोर. त्याच्या आणि अस्वलाच्या मध्ये ती नाचत होती, भुंकत होती, डावीकडून उजवीकडे.

दादाने ट्रिगरवरून बोट काढलं.

मी पाहिलं. बोट काढून त्याने ते लांब ताणून बंदुकीच्या कडेला ठेवलं, तसं सैन्यात त्यांच्याकडून दोन वर्षं घोटून घेतलं होतं. समोर आपल्यापैकी कोणी आलं की बोट बाहेर. विचार करायचा नाही, बोट बाहेर. तो ओरडला, "काळी, हट, काळी." मराठीत. ती हटली नाही. अस्वल तिला ओलांडून त्याच्यावर गेलं.

पुढचं लिहीत नाही. पडलेली बंदूक उचलून गोळी मी झाडली, हे खरं आहे. तोवर उशीर झाला होता, हेही खरं आहे. काळीला खरचटलंसुद्धा नाही.

दुपारी आईला फोन लावला. दादा गेला एवढंच मी सांगितलं, आणि आईचा पहिला प्रश्न काय होता माहितेय? कसा गेला, त्याला दुखलं का, असलं काही नाही. ती म्हणाली, "बंदूक कोणाकडे होती?"

मला टेबल दिसलं. आमटी दिसली. मी म्हटलं, "माझ्याकडे."

मी तशीही सगळ्यात नापास. अजून एक विषय गेला तर काय मोठंसं. पण आई-बाबांना एकमेकांशिवाय कोण आहे? आईच्या गोष्टीत बंदूक माझ्या हातात आहे, मी भांबावते, आणि दादा मला वाचवायला पुढे येतो. तिला ती तशीच राहू दे.

तुला सांगितलं, कारण एका माणसाला तरी माहीत असावं असं वाटलं. आता जड वाटत असेल तर माफ कर.

जाई


हौगांग, २ जुलै २०१७

प्रिय मावशी,

तू उत्तरात नुसतं "बाळा" लिहून पुढे पान कोरं सोडलंस. ते जपून ठेवलंय.

आईने तिकीट काढल्याचं बाबांनी आज सांगितलं. दर रविवारी ते इकडे हौगांगला येतात, आम्ही फूड सेंटरमध्ये बसतो. ते टोस्ट खातात, मी काहीही खाते. आज त्यांनी टोस्टचे इतके तुकडे केले की मैनांची सोय झाली.

"वर्षश्राद्धाला येतेय सुलेखा," म्हणाले. "नंतरही राहीन म्हणते."

"अरे वा."

"पण..."

"मी नको."

"दाराशीसुद्धा नको म्हणाली."

"बरं. मग मी दाराशीसुद्धा येत नाही. तुम्ही गुरुजींचं बघा, पंगतीचं मी केटरिंगवाल्या विश्वासकाकांना सांगते. दादाच्या पानावर शेपू वाढू नका, तो उठून यायचा भांडायला."

ते हसले नाहीत. कप बाजूला सारला आणि म्हणाले, "जाई, मला त्या ऑफिसरने तेव्हाच सगळं सांगितलं होतं."

मला माहीत होतं. दादाला आणायला ते बेटावर आले तेव्हा ऑफिसरच्या खोलीतून बाहेर आले, मशीनमधून दोन कॉफ्या काढल्या, एक मला दिली, आणि दुसरी तशीच हातात धरून उभे राहिले. तेव्हापासून आजपर्यंत आमच्यात त्यावर एक शब्द नाही.

"रोज सकाळी ठरवतो सांगायचं," म्हणाले. "मग वाटतं, सांगितलं तर ती येणार नाही. दात घासून होईस्तोवर माझा धीर गेलेला असतो. आणि शिव्या तू खातेस."

"मला पचतात."

"त्याला मी पाठवलं सैन्यात. तू नाही."

"बाबा, सगळ्यांचीच मुलं जातात."

हे बोलायला नको होतं. त्यांचंच वाक्य होतं. टेबलं पुसणारे काका आले, "फिनिश ऑलरेडी?" म्हणाले, आणि बाबांनी मान हलवून ताटली स्वतःकडे ओढून घेतली, जणू कोणी काढून नेत होतं.

उठताना म्हणाले, "पोटच्या मुलीला दाराबाहेर ठेवून मी मुलाचं श्राद्ध घालू?"

मी म्हटलं, घाला. मी त्यांच्याकडून वचन मागितलं. त्यांनी दिलं नाही. मावशी, तू समजाव ना त्यांना. तुझं ऐकतात.

जाई


हौगांग, २१ जुलै २०१७

मावशी,

तुझा फोन ठेवला आणि सरळ सेंगकांगला गेले. दुकानात एका पूडलची अर्धीच हजामत झाली होती, तशीच टाकून.

बाबांनी दार उघडलं. आदल्या रात्रीपासून तोच शर्ट. म्हणाले, "सांगून टाकलं." मी म्हटलं, "मावशी बोलली." मग आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. दादाच्या फोटोसमोर नाही, पलीकडच्या.

तू सांगितलंस ते मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघतेय. आईने ऐकून घेतलं. समोरची गवार निवडून पूर्ण केली. मग तुला म्हणाली, "शिरीषना कळव, तिकीट रद्द केलंय. श्राद्ध मी इथे घालीन. मी त्या टेबलावर काय बोलले होते ते त्यांना आठवत असेल."

आणि माझं? मी तुला तीनदा विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का. तू तिसऱ्यांदा खरं सांगितलंस. "तीही खोटं बोलली. दोघं एक झाले आणि मला वेड्यात काढलं."

मला वाटलं होतं... जाऊ दे, काय वाटलं होतं. खरं कळलं की ती मला बोलावील, असं कुठेतरी तळाशी वाटत होतं ना. वाटायचं थोडं.

बाबा काल मला म्हणाले, "तुला घरात आणायला गेलो आणि तीही गेली. मला काही धड जमत नाही बघ." एवढा मोठा माणूस, ऑफिसात चाळीस लोकं हाताखाली. मी त्यांना वरणभात करून दिला, करपलेला. त्यांनी खाल्ला नाही. म्हणाले, "ठेव, सुलेखा आली की..."

तेव्हा माझं ठरलं. याच पाकिटात पिवळा कागद आहे, आईच्या नावाचा. या वेळी तो तिच्या हातातच दे आणि ती वाचेस्तोवर तिथे थांब. त्यात काय लिहिलंय ते तुला कळेल आणि खरं काय तेही तुलाच ठाऊक आहे. तिने विचारलं, "हे खरं का गं?" तर तू हो म्हण. शपथ घालत नाही. मागतेय.

हा पांढरा मात्र नक्की टाकून दे. आधीचेही, ठेवले असशील तर.

जाई


(पिवळा कागद)

आई,

हे माझं शेवटचं पत्र समज, पण पूर्ण वाच.

बाबा तुझ्याशी खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले. मी दर रविवारी त्यांच्यापुढे रडत होते, मला घरी यायचंय, मला श्राद्धाला बसायचंय, आईला काहीतरी सांगा. शेवटी त्यांनी ही गोष्ट रचली. त्यांना तुझं ते टेबलावरचं वाक्य आठवलंच नाही, नाहीतर दुसरं काही रचलं असतं. तुला माहितेय, बाबांना खोटं धड बोलता येत नाही.

आर्यनच्या हातात बंदूक नव्हती. पहिल्या दिवसापासून मी देऊ केली, तो म्हणाला नको. म्हणाला, आईला आवडत नाही.

बंदूक माझ्याकडे होती. आमचा कोर्स झालेला असतो, समोर आपलं कोणी आलं तर बोट काढायचं असं शिकवतात. अस्वल समोर होतं. नेम बरोबर धरला होता. तेवढ्यात एक कुत्री मध्ये आली. काळी होती. मी तिला रोज जेवायला घालत होते. मी बोट काढलं. ठरवून नाही काढलं, आई. ते आपोआप निघालं. मी ती हटायची वाट बघत राहिले, हाका मारत राहिले. मला वाटलं, एक क्षण, आत्ता हटेल. जीव होता तो, त्यावर गोळी कशी घालायची? हे तुला पटणार नाही. पण ज्याने बोट काढलं तो भित्रा नव्हता एवढं मनात ठेव. म्हणजे मी. मी भित्री नव्हते.

आर्यन माझ्यामागे कुत्र्यांचे पट्टे धरून उभा होता. तो माझ्यापुढे आला. तुझा मुलगा बहिणीला वाचवायला पुढे आला, आणि हे त्याला कुठल्या सैन्याने शिकवलं नव्हतं. घरी शिकला तो. रक्षाबंधनाला मी त्याला बेटावरूनच राखी पाठवली होती, दुकानातली नव्हती, पट्ट्याच्या दोऱ्याची. ती त्याच्या हातात होती.

तर राग माझ्यावर धर. कितीही, कायमचा धर. मी तो घेऊन शनिवारी निघतेय. कुठे ते अजून ठरायचंय, तुला माझं माहीतच आहे. मिस टॅनला सांगून झालंय, खोलीची किल्ली आजींना दिली की झालं. सिंगापूरला मी परत येणार नाही. दाराशी नाही, बिल्डिंगच्या खाली नाही, कुठल्या लग्नामुंजीत समोर येणार नाही. हे लिहून देते.

तू मात्र ये. वर्षश्राद्ध त्याच घरात घाल, त्याच्या खोलीची खिडकी आहे तिथे. बाबा जेवत नाहीत. मीठ कमी केलंय म्हणतात, केलेलं नाही. सकाळची गोळी विसरतात आणि घेतली म्हणून सांगतात, ते खोटंही त्यांना जमत नाही, लगेच कळतं. त्यांच्यावर रागावू नकोस. एक मूल हातचं गेलेला माणूस उरलेलं एक घरात आणायला बघत होता, एवढंच त्याचं चुकलं.

तिकीट पुन्हा काढ. विमानतळावर बाबा एकटेच असतील. ते नेहमीसारखे आधी चुकीच्या टर्मिनलला जातील. टॅक्सी करून निघून जाऊ नकोस. थोडी थांब, ते येतील.

जाई